कृपया बसू नये

दुकानांवरच्या आणि हॉटेलांवरच्या पाट्यांमध्ये सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात धोक्याची पाटी कोणती, असं मला कुणी विचारलं, तर मी 'नूतनीकरणासाठी बंद' या पाटीकडे बोट दाखवीन. 'उधारी बंद' ही पाटी निदान तोंडावर खरं बोलते. 'नूतनीकरणासाठी बंद' वाचून मात्र आपण उगाचच खूश होतो. वाटतं, चला, आता पंखा फिरेल, टेबलाचा पाय डुगडुगणार नाही, नळाला पाणी येईल. तीन महिन्यांनी झेंडूच्या माळा लावून हॉटेल उघडतं. पंखा काढून टाकलेला असतो, टेबल निम्म्या आकाराचं झालेलं असतं, आणि नळाला चावीच नसते. तो म्हणे हात पुढं केल्यावर आपला आपण सुटतो. आपल्यापुढं तो सुटत नाही. मग बेसिनपुढं आपण हात पुढं-मागं करीत उभे राहतो. पाहणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ आरशातल्या माणसावर मंत्र टाकताहेत.

मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि गेली बावीस वर्षं एका बँकेत कारकून. त्यामुळं कुठलीही गोष्ट जमा आणि नावे अशा दोन बाजूंना मांडल्याशिवाय ती माझ्या डोक्यात शिरत नाही. नूतनीकरणाचा ताळेबंद मी असा मांडतो. जमेला काच, फॉल्स सीलिंग, कुंडीतलं प्लॅस्टिकचं झाड आणि दारात सलाम ठोकणारा एक गणवेश. नावे बाजूला ऐसपैस बसायची जागा, न सांगता साखर कमी घालणारा वेटर आणि मेनूकार्डावरची वाचून कळतील अशी नावं. दोन्ही बाजूंची बेरीज जमत नाही. ती जमावी म्हणून जो फरक दाखवतात, त्याला बिल म्हणतात.

त्यातून आम्ही अंबरनाथकर. आलिशान बांधकामाची आमची कल्पनाच मुळात वेगळी. आमच्या गावात वालधुनीच्या काठी जे शिवमंदिर आहे, त्यातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. आत गेलात की गाभारा खाली आहे, चांगल्या पायऱ्या उतरून जावं लागतं. वर फॉल्स सीलिंग तर सोडाच, छतच नाही. महादेवाच्या डोक्यावर थेट आभाळ. साडेनऊशे वर्षं झाली, पण महाशिवरात्रीला रांग काही हटत नाही आणि "जरा सोयी वाढवायला हव्यात" अशी महादेवाकडूनही तक्रार नाही.

तर अशा गावचा मी, गेल्या हिवाळ्यात माथेरानच्या एका नूतनीकरण झालेल्या आलिशान हॉटेलात दोन रात्री राहून आलो. हॉटेलचं नाव सांगत नाही. खातेदाराची माहिती बाहेर फोडायची नाही, ही बावीस वर्षांची सवय आहे.

आता अंबरनाथच्या माणसानं माथेरानला दोन रात्री राहायचं म्हणजे गिरगावकरानं चौपाटीवर मुक्कामाला जाण्यासारखंच आहे. बदलापूर, वांगणी, शेलू आणि नेरळ. सकाळच्या कर्जत लोकलला खिडकीची जागासुद्धा मिळते, कारण त्या वेळी शहाणी माणसं उलट्या दिशेला लोंबकळत असतात. आम्हा बँकवाल्यांना रजा प्रवास सवलत असते, एल.एफ.सी. म्हणतात तिला. पण ती प्रवासाच्या भाड्याची. अंबरनाथ ते नेरळ लोकलचं तिकीट जोडून मी एल.एफ.सी.चं बिल टाकलं असतं, तर आमच्या मॅनेजरांनी ते चौकट करून भिंतीवर लावलं असतं.

पण जायचं होतं ते आईसाठी. १९७९ साली लग्नानंतर आई आणि बाबा याच हॉटेलात दोन दिवस राहिले होते. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. त्यांच्या उभ्या आयुष्यातली 'हॉटेलात राहणं' ही एवढीच नोंद. पुढं मी झालो, मग ताई झाली, आणि सुट्ट्या शाळेच्या फीत आणि पाहुण्यारावळ्यांत गेल्या. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर आई फारसं काही मागत नाही. पण गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता एकदम म्हणाली, "त्या व्हरांड्यात एकदा बसून यावंसं वाटतं रे."

बाबांची डायरी काढली. ते डायरीत भावना लिहीत नसत, फक्त खर्च लिहीत. 'माथेरान. २ दिवस, २ माणसे, जेवणासकट रु. ११२. चिक्की रु. ६.' बस्स. मधुचंद्राचं सबंध वर्णन एवढंच. आणि खाली एक ओळ : 'व्हरांड्यातील खुर्चीचा उजवा हात हलतो. मालकांस सांगितले.'

चिरंजीवांनी मोबाइलवर हॉटेल शोधून काढलं. "बाबा, तेच आहे! रिनोव्हेट झालंय. फोटो बघा." फोटो पाहून मी हबकलो. खोली आमच्या बँकेच्या शाखेपेक्षा मोठी दिसत होती. भाडं एका रात्रीचं ८,५०० रुपये. खोली साडेसात हजारांच्या वर गेली की तिच्यावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो, म्हणजे आणखी १,५३०. एकूण १०,०३०. मी तिथल्या तिथं हिशेब केला. बाबांनी ते ११२ रुपये हॉटेलला न देता द.सा.द.शे. १० दरानं चक्रवाढ व्याजावर ठेवले असते, तर ४६ वर्षांत त्यांचे साधारण ८,९८० झाले असते. म्हणजे आईबाबांचा सबंध मधुचंद्र व्याजासकट परत केला, तरी आज तिथं एक रात्र मिळत नव्हती. हजार-पन्नास रुपये कमीच पडत होते. हा हिशेब मी सौ.ला सांगितला. ती म्हणाली, "अहो, तुम्ही बुकिंग करताय की कर्ज मंजूर करताय?" केलं बुकिंग.

चिरंजीवांची परीक्षा होती, ते मामाकडं राहिले. आई, सौ. आणि मी असे तिघं निघालो. नेरळहून थेट वर जाणाऱ्या गाडीची तिकिटं मिळाली नाहीत. १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबानं काढलेली ही दोन फुटी गाडी. एवढ्या वर्षांत तिनं दरडी पाहिल्या, पूर पाहिले, बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. पण तिची चाल बदलली नाही की जागा वाढल्या नाहीत. मग टॅक्सीनं दस्तुरी नाक्यापर्यंत, आणि तिथून अमन लॉजहून शटल गाडीनं माथेरान. आई खिडकीला नाक लावून बसली होती. तांबडी माती दिसली तशी म्हणाली, "रंग तोच आहे." १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब हा डोंगर चढून आले, तेव्हाही हाच असणार. मातीचं नूतनीकरण अजून कुणाला सुचलेलं नाही.

हॉटेलच्या दारात आमचं स्वागत झालं ते उंच पेल्यातल्या लाल पेयानं. त्याचं नाव एका दमात म्हणता येण्यासारखं नव्हतं. आईनं एक घोट घेतला. "कोकमाचं सरबत आहे," ती म्हणाली, "मीठ विसरलेत." काउंटरवर नोंदवही नव्हती. एक चौकोनी ठिपक्यांची पाटी होती, तिच्यापुढं मोबाइल धरायचा. आईनं विचारलं, "सही कुठं करायची?" काउंटरवरची मुलगी गोड हसली. सही लागत नाही म्हणाली. आईला ते पटलं नाही. १९७९ च्या वहीत बाबांनी 'सौ. व श्री.' अशी सही केली होती म्हणे, आणि मालकांनी ती वाचून मान डोलावली होती.

लाउंजमध्ये एक दांडगा सोफा होता. "इटालियन डिझाइन आहे सर," सामान उचलणारा मुलगा म्हणाला. सौ.नं सोफ्याच्या पाठीवर हात फिरवला, बूड दाबून पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "हा आपल्या दादाकडं आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला." निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली उभं राहिलेलं आमचं शेजारचं गाव इटलीला पुरून उरलेलं पाहून मला खरंच अभिमान वाटला. आणि खोटं कशाला सांगू, सबंध हॉटेलात न कुरकुरणारी तेवढी एकच वस्तू होती.

मग खोली. फोटोत ती आमच्या शाखेएवढी दिसली होती. प्रत्यक्षात आमच्या स्ट्राँगरूमएवढी निघाली. पण तेही चाललं असतं. खरा प्रसंग पुढंच होता. खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये भिंत नव्हती. काच होती. आरपार, स्वच्छ, नुकतीच पुसलेली काच. ही ज्या कुणाची कल्पना, त्यानं आई, मुलगा आणि सून असा मराठी कुटुंबाचा संच डोळ्यांपुढं ठेवलेला नव्हता एवढं नक्की. आम्ही तिघंही थोडा वेळ खिडकीतून बाहेरची झाडं पाहत उभे राहिलो. शेवटी आईच भानावर आली. तिनं बॅगेतून आपलं पाचवारी पातळ काढलं, सौ.नं ते पडद्याच्या दांडीला एका बाजूनं आणि कपाटाच्या दाराला दुसऱ्या बाजूनं अडकवलं, आणि आलिशान खोलीत दोन दिवस आमची लाज त्या निळ्या काठाच्या पातळानं राखली.

भिंतीवर बटणं नव्हती. एक काळी काच होती आणि तिच्यावर दिव्याची, पंख्याची, पडद्याची चित्रं. रात्री आईला पाणी प्यायला उठायचं होतं. तिनं दिव्याच्या चित्रावर बोट ठेवलं, तर पडदा उघडला. तो मिटायला गेली, तर छतातून मंद संगीत सुरू झालं. ते बंद करायला मी उठलो, तर न्हाणीघरातले सगळे दिवे लागले आणि पातळ रंगमंचाच्या पडद्यासारखं उजळून निघालं. रात्री दोन वाजता आम्ही तिघं अंथरुणावर बसून हे पाहत होतो. सौ. म्हणाली, "आता नांदी म्हणा."

सकाळी अंघोळीचा प्रश्न आला. वरून पाऊस पडल्यासारखं पाणी पडण्याची सोय होती, पण आईचं म्हणणं, डोक्यावरून पाणी घ्यायचा आज वार नाही. बादली हवी. मी फोन करून बादली मागितली. "शुअर सर." दहा मिनिटांत टाय लावलेला एक मुलगा चंदेरी, चकचकीत, वीतभर उंचीची बादली घेऊन हजर झाला. आत बर्फ होता. वर पांढरा नॅपकिन. आईनं तिच्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं आणि म्हणाली, "अरे बाळ, मला अंघोळ करायची आहे. मला ताप नाहीये." त्या पोराचा काही दोष नव्हता. त्याला हॉटेलनं जी बादली शिकवली, ती त्यानं आणली.

न्याहारीला मेनूकार्डावर 'मल्टिग्रेन फ्लॅटब्रेड विथ होममेड व्हाइट बटर' असं काहीतरी ३८० रुपयांना होतं. मागवलं. थालीपीठ आलं. मधलं भोक मात्र बुजवलेलं. आई म्हणाली, "भोक पाडलं नाही तर तेल कुठून सोडणार?" म्हणजे बघा, नूतनीकरणात पहिल्यांदा जातं ते भोकच, कारण ते कशासाठी होतं, हे सांगणारं माणूस आधीच गेलेलं असतं.

आणि व्हरांडा. ज्याच्यासाठी आलो तो व्हरांडा. तो काचेनं बंद केला होता. आत ए.सी. लावला होता. माथेरानला, हिवाळ्यात, ए.सी.! बाहेर दरीवरून येणारा वारा काचेवर डोकं आपटून परत जात होता. आई दारातच थांबली. कोपऱ्यात एक जुनी वेताची आरामखुर्ची होती. तिच्याभोवती पितळी खांब रोवून जाड मखमली दोर लावला होता. पितळी पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'आमचा वारसा', आणि खाली मराठीत, 'कृपया बसू नये'.

आईनं ती पाटी दोनदा वाचली. मग मला म्हणाली, "हीच ती." पुढं काही बोलली नाही. काउंटरवर जाऊन मी विचारलं. मुलगी पुन्हा गोड हसली. "सर, ती हेरिटेज आहे. फोटो काढा ना, सगळे काढतात." सौ.नं आईचा खुर्चीशेजारी उभा करून फोटो काढला. त्या फोटोत आईनं हात जोडल्यासारखे एकमेकांत धरलेत. देवळात धरतात तसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर आई अंथरुणात नव्हती. मी तसाच बाहेर धावलो. व्हरांड्याची एक काच बाजूला सारलेली होती आणि गार वारा सरळ आत येत होता. मखमली दोर सोडून खांबाला गुंडाळून ठेवला होता. खुर्चीत आई बसली होती, गुडघ्यांवर शाल. शेजारी जमिनीवर रात्रपाळीचा म्हातारा पहारेकरी उकिडवा बसून काचेच्या पेल्यातनं चहा पीत होता. आईच्या हातातही तसलाच पेला होता.

मला पाहून तो घाईनं उठला. "बसू द्या साहेब त्यांना. वरची मंडळी आठशिवाय खाली येत नाहीत." बोलता बोलता कळलं, त्याचा बाप इथंच होता, गरम पाण्याच्या बंबावर. पहाटे पाच वाजता खोल्याखोल्यांपुढं "पाणी काढलंय होऽऽ" अशी हाक त्याचीच. ती हाक आईला आठवत होती. हा स्वतःही पंचवीस वर्षं टेबलांवर वाढत होता. नवीन व्यवस्थेत इंग्रजी येईना म्हणून दारावर गेला. "बरं झालं," तो म्हणाला, "निदान रात्री तरी हॉटेल आपलं असतं."

आई वीसेक मिनिटं बसली. झाडांतून उजाडत होतं. मला वाटलं, ती आता बाबांविषयी काहीतरी बोलेल. मीही जरा गळा साफ करून तयार राहिलो. आईनं खुर्चीच्या उजव्या हातावर तळवा ठेवला आणि हळूच दाबला. हात डुगडुगला.

"अजून हलतोय," आई म्हणाली. "ह्यांनी तेव्हाच सांगितलं होतं मालकांना, एक खिळा मारा म्हणून."

आणि ती अशी काही हसायला लागली, की चहा शालीवर सांडला. चार वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आईची अंघोळही झाली. म्हाताऱ्यानं आपल्या खोलीतून पत्र्याची चांगली भरगच्च बादली आणली, वाफाळत्या पाण्याची. काच, पातळ, ए.सी., संगीत, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून ती बादली न्हाणीघरात गेली.

निघताना मोबाइलवर विचारणा आली, आमचा मुक्काम कसा झाला, पाचपैकी तारे द्या. आईला विचारलं, किती द्यायचे? ती म्हणाली, "तारे आकाशाला असू देत. त्यांना म्हणावं, खिळा." तसं लिहिण्यासाठी तिथं रकाना नव्हता.

माझा नूतनीकरणाला विरोध नाही, गैरसमज नको. मुंबईचं ताजमहाल हॉटेल १९०३ सालचं. २००८ च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यात जुन्या इमारतीचं जे झालं ते आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलं. पुन्हा सगळं उभं करून ती इमारत १५ ऑगस्ट २०१० ला उघडली. ते झालंच पाहिजे होतं. माझ्यासारख्यानं त्या हॉटेलात राहण्याचा प्रश्न नाही, मी बाहेरून कबुतरं मोजणारा. पण त्या रात्रींविषयी आजही लोक बोलतात ते घुमटाबद्दल आणि झुंबरांबद्दल नाही. पाहुण्यांना आधी बाहेर काढणाऱ्या, आणि त्यात स्वतःचे प्राण गमावलेल्या कर्मचाऱ्यांबद्दल बोलतात. इमारत दुरुस्त करता आली, कारण कशासाठी दुरुस्त करायची हे तिथल्या माणसांनी आधीच दाखवून दिलं होतं.

आता हे सगळं लिहायचं कारण असं, की पुढच्या महिन्यात आमच्या शाखेचंही नूतनीकरण आहे. परवा कंत्राटदार नकाशा घेऊन आला. काच आहे, फॉल्स सीलिंग आहे, कुंडीतलं झाड तर दारातच आहे. 'वेटिंग एरिया' म्हणून तीन उंच स्टुलं दाखवली आहेत, दांडीवर पोपट बसतो तसली. भिंतीला लागून असलेला जुना सागवानी बाक मात्र नकाशात कुठंच नाही.

हा बाक आमच्या डेड स्टॉक रजिस्टरात आहे. घसारा वजा जाता जाता त्याची किंमत आता एक रुपया उरली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच्यावर सहा पेन्शनर बसतात, दाटीवाटीनं सात. फॅक्टरीतले, रेल्वेतले, शाळेतले. पासबुक भरायला दोन मिनिटं लागतात, पण ते तासभर असतात. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची नात पास झाली, कुणाची जागा रिकामी झाली, हे सगळं त्या बाकावर कळतं. बाबाही तिथंच बसत, डाव्या टोकाला. नोव्हेंबर आला की हीच मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. डेड स्टॉकवर बसून जिवंत असल्याचा पुरावा देणारी माणसं मी दरवर्षी पाहतो.

कंत्राटदारानं बाकाला पायानं जरा ढोसलं. बाक डुगडुगला. "साहेब, हा भंगारात ना?"

मी साहेब नाही, साधा कारकून आहे. नकाशावर सही करायचा अधिकार मला नाही. पण डेड स्टॉक रजिस्टर माझ्या टेबलावर असतं, आणि माझ्या नोंदीशिवाय त्यातली वस्तू दाराबाहेर जाऊ शकत नाही.

"बाक इथंच राहील," मी म्हटलं. "आणि कामाला सुरुवात कराल तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या डाव्या पायात एक खिळा मारा."